मनोविकारशास्त्र आणि क्लिनिकल सायकॉलॉजीतल्या संशोधकाने शोधनिबंधांची व सायटेशनची नोंद कशी लावावी

बढतीचा अर्ज भरायला घेतला की बहुतेकांचं पहिलं पाऊल म्हणजे गूगल स्कॉलर (गूगलचं शोधनिबंध शोधायचं साधन) उघडून एच-इंडेक्स उतरवून घेणं. इतरांनी आपल्या निबंधांचा किती वेळा संदर्भ दिला, म्हणजे सायटेशन किती, यावरून हा आकडा निघतो. तिथेच चूक होते. आकडा हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. त्याआधी तीन गोष्टी जागेवर हव्यात: नाव, संस्थेचा पत्ता आणि स्वतःच्या हाताने केलेली निबंधांची यादी. या तिन्हींत घोळ असेल तर कोणताही डेटाबेस बरोबर आकडा देऊ शकत नाही, कारण तुम्ही एकच माणूस आहात हे त्याला कळलेलंच नसतं.

खालची माहिती बडोद्यातल्या मराठी निवासी डॉक्टरांना, अध्यापकांना आणि पीएच.डी. करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना समोर ठेवून लिहिली आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांनाही ती बव्हंशी लागू पडेल.

नाव

समजा, नाव अंजली, वडिलांचं नाव सुधीर आणि आडनाव कुलकर्णी. गुणपत्रिकेवर पुष्कळदा आडनाव आधी छापलेलं असतं: कुलकर्णी अंजली सुधीर. त्याच क्रमाने जर्नलचा फॉर्म भरला, की शेवटचा शब्द आडनाव धरला जातो आणि पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमध्ये लेखिका 'सुधीर के. ए.' होते. पुढच्या निबंधात क्रम बरोबर लिहिला की 'कुलकर्णी ए. एस.', आणि मधलं नाव गाळलं की नुसतं 'कुलकर्णी ए.'. तीन निबंध आणि तीन माणसं! लग्नानंतर आडनाव बदललं तर चौथं.

म्हणून पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच रोमन लिपीतलं एक रूप ठरवा आणि ते शेवटपर्यंत पाळा. आमचं मत स्पष्ट आहे: मधलं आद्याक्षर ठेवाच. गुजरातेत शाह, पटेल, जोशी, देसाई ही आडनावं इतकी आहेत की एका आद्याक्षरावर माणूस ओळखता येत नाही. स्पेलिंगही एकदाच ठरवा. बडोद्याच्या गायकवाडांच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'ए-ई' येतं, इतरत्र बहुतेक ठिकाणी 'ए-आय'. 'श्री'ने सुरू होणाऱ्या नावांत 'एस-एच-आर' की 'एस-आर' हा घोळ नेहमीचाच. पासपोर्टवर जे आहे ते घेतलं तर परदेशी परिषदांच्या कागदपत्रांतही पुढे अडचण येत नाही.

आडनाव बदललं असेल तर जुने निबंध बदलायची खटपट करण्याआधी ऑर्किड या संशोधकांच्या ओळखक्रमांकाच्या सेवेतल्या (तिच्याबद्दल पुढे येईल) 'ऑल्सो नोन अ‍ॅज' या रकान्यात सगळी जुनी रूपं भरा. व्यावसायिक नाव जुनंच ठेवायला काहीच हरकत नाही. ज्यांचे चार-पाच निबंध आधी छापून आलेले आहेत, त्यांनी तसंच करावं.

संस्थेचा पत्ता

शहराचं अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झालं, विद्यापीठाच्या नावात मात्र बडोदा राहिलं. त्यामुळे एकाच विभागातून निघालेल्या निबंधांवर 'मेडिकल कॉलेज बरोडा', 'बरोडा मेडिकल कॉलेज', 'गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज वडोदरा', 'एसएसजी हॉस्पिटल' असे चार-चार पत्ते सापडतात. मानसशास्त्राच्या बाजूला 'एमएसयू', 'एम. एस. युनिव्हर्सिटी' आणि पूर्ण 'द महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा'. स्कोपस हा निबंधांचा आणि सायटेशनचा डेटाबेस या रूपांना एका संस्थेखाली जोडायचा प्रयत्न करतो, पण दर वेळी जुळतंच असं नाही.

पत्ता असा लिहा: विभाग, मग महाविद्यालय किंवा फॅकल्टी, मग विद्यापीठ, मग शहर, राज्य, देश. मानसशास्त्र विभाग असेल तर 'फॅकल्टी ऑफ एज्युकेशन अँड सायकॉलॉजी' पूर्ण लिहा आणि विद्यापीठाचंही पूर्ण नाव द्या, संक्षेप नको. काम सयाजी रुग्णालयात (म्हणजे एसएसजी हॉस्पिटलात) झालं आणि नोकरी महाविद्यालयात असेल तर दोन्ही नावं एकाच पत्त्यात ठेवा. सगळ्या सहलेखकांनी शब्दशः तेच वाक्य वापरावं यासाठी ते विभागाच्या संगणकावर एका फाइलमध्ये जपून ठेवा. नवा रेसिडेंट आला की त्याला पहिल्या दिवशी तीच फाइल द्यायची.

एक तपशील उपयोगी पडतो. पबमेडमध्ये पूर्वी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदला जाई. सगळ्या लेखकांचे पत्ते २०१४च्या सुमारापासून दिसू लागले. म्हणजे २०१०च्या निबंधात तुम्ही तिसरे लेखक असाल तर पत्त्यावरून शोधून तो सापडणारच नाही. तो नावानेच शोधायला हवा, आणि २००२च्या आधीच्या नोंदींत पूर्ण नाव नसतं, नुसती आद्याक्षरं असतात.

मूळ यादी

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावून या शहरातल्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. पुस्तक कोणत्याही कपाटात असो, त्याची नोंद एकच आणि ठरलेल्या साच्यात, हे ग्रंथपालाचं मूळ सूत्र. आपल्या निबंधांसाठीही नेमकं हेच करायचं आहे.

साधी एक्सेल फाइल घ्या. एका ओळीत एक निबंध. रकाने असे ठेवा: लेखक छापलेल्या क्रमाने, शीर्षक जसंच्या तसं, जर्नलचं पूर्ण नाव, आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक), वर्ष, खंड, अंक, पानं, डीओआय (निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक), पीएमआयडी (निबंधाचा पबमेडमधला क्रमांक), निबंधाचा प्रकार, लेखकांत तुमचा क्रमांक आणि पत्रव्यवहाराचे लेखक (कॉरस्पॉन्डिंग ऑथर) तुम्ही होतात का, नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक, क्लिनिकल चाचणी असेल तर सीटीआरआय या भारतीय चाचणी-नोंदवहीतला क्रमांक. त्यापुढे स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स (स्कोपससारखाच आणखी एक डेटाबेस) यांच्या सायटेशनचे तीन रकाने आणि सगळ्यात शेवटी 'कोणत्या तारखेला पाहिलं' हा रकाना. तो कधीच रिकामा ठेवू नका.

वर्षाच्या रकान्यात हमखास गडबड होते. निबंध ऑनलाइन २०२२च्या डिसेंबरात येतो आणि अंकात २०२३च्या मार्चमध्ये. दोन्ही वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी नोंदली गेली की स्कॉलर दोन निबंध समजतो आणि सायटेशन विभागली जातात. यादीत अंकाचं वर्ष घ्या, ऑनलाइनची तारीख वेगळ्या रकान्यात. नुसता ऑनलाइन निघालेला आणि अंकात न बसलेला निबंध असेल तर 'ऑनलाइन आधी प्रकाशित' असं स्पष्ट लिहा आणि खंड-पानं रिकामी सोडा. अंदाजाने भरू नका.

प्रत्येक निबंधाची पीडीएफ एकाच पद्धतीच्या नावाने ठेवा: वर्ष, पहिल्या लेखकाचं आडनाव, जर्नलचा संक्षेप. तिच्याच शेजारी एक स्क्रीनशॉट: निबंध निघाला त्या सुमारास जर्नल कुठे इंडेक्स झालेलं होतं, म्हणजे कोणत्या डेटाबेसच्या यादीत होतं, याचा पुरावा. जर्नल पुढे यादीतून वगळलं जाऊ शकतं आणि तपासणाऱ्याला त्या वेळची स्थिती हवी असते. पाच वर्षांनी तो पुरावा शोधत बसणं फार त्रासाचं होतं. स्वीकृतीच्या दिवशी दोन मिनिटांत होतो.

ओळखपत्रं: ऑर्किड आधी, बाकी नंतर

ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक, चार-चारच्या चार गटांत. शेवटचा अंक तपासणीचा असतो, म्हणून तिथे कधी 'एक्स' हे अक्षर येतं. ती छपाईची चूक नव्हे. सेवा २०१२पासून सुरू आहे आणि मोफत आहे. नोंदणी करताना दोन ईमेल द्या, त्यांतला एक खासगी. संस्थेचा ईमेल नोकरी सुटली की बंद पडतो, खात्यात शिरता येत नाही, मग माणूस नवं ऑर्किड काढतो आणि एका माणसाचे दोन क्रमांक होतात. हे फार वेळा घडतं.

निबंध हाताने टाइप करू नका. डीओआय किंवा पीएमआयडी देऊन आणा, नाहीतर 'सर्च अँड लिंक'मधून क्रॉसरेफ (डीओआय नोंदवणारी संस्था), युरोप पीएमसी (जीववैद्यकीय निबंधांचा संग्रह) आणि स्कोपस जोडा. पुढचा निबंध पाठवताना जर्नलच्या फॉर्ममध्ये ऑर्किड भरलं, तर क्रॉसरेफ परवानगी मागतं. ती एकदा दिली की त्यानंतरचे निबंध आपोआप येतात. मराठी किंवा गुजरातीत लिहिलेला लेख नोंदवायचा असेल तर मूळ शीर्षक देवनागरीत ठेवा आणि अनुवादित शीर्षकाच्या रकान्यात इंग्रजी द्या.

गूगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडताना संस्थेचा ईमेल पडताळून घ्यावा लागतो, नाहीतर ते शोधात दिसत नाही. सगळ्यात महत्त्वाची सेटिंग म्हणजे नवे निबंध आपोआप जोडायचे की आधी तुम्हाला विचारायचं. 'आधी ईमेलवर विचारा' हाच पर्याय निवडा. आपोआप ठेवलं तर त्याच आडनावाच्या हृदयरोगतज्ज्ञाचे किंवा इंजिनिअरचे निबंध तुमच्या नावावर येऊन बसतात. मुलाखतीत एखाद्याने त्यांतल्या एकाबद्दल विचारलं तर उत्तर देणं अवघड. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी यादी खोटी ठरते.

एकाच निबंधाच्या दोन नोंदी दिसल्या तर दोन्हींवर खूण करून 'मर्ज' करा आणि डीओआय असलेली नोंद मुख्य ठेवा. मर्ज केल्यावर आकड्याशेजारी कधी तारका दिसते. तिचा अर्थ, जोडलेल्या नोंदींतल्या काही सायटेशन दुसऱ्या मजकुराच्या असू शकतात. तारका दिसली की आकड्यावर टिचकी मारून दोन-चार नोंदी उघडून पाहाव्यात.

स्कोपसमध्ये प्रोफाइल उघडावं लागत नाही, निबंध आला की लेखक क्रमांक आपसूक तयार होतो. म्हणूनच तिथे एका माणसाचे दोन-तीन क्रमांक सापडतात. मोफत लेखक-शोधातून ते शोधा आणि दुरुस्तीच्या फॉर्ममधून एकत्र करायची विनंती करा. उत्तराला वेळ लागतो, त्यामुळे अर्जाच्या आदल्या आठवड्यात हे काढून चालत नाही. वेब ऑफ सायन्समध्ये स्वतःचं प्रोफाइल ताब्यात घेता येतं, पूर्वीचं पब्लॉन्स हे संशोधकांच्या प्रोफाइलचं संकेतस्थळ २०२२मध्ये त्यातच मिसळलं. विद्यापीठांसाठी 'विद्वान' हे संशोधकांच्या प्रोफाइलचं आपलं भारतीय ठिकाण आहे, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं. पीएच.डी.चा प्रबंध त्यांच्याच शोधगंगेवर चढतो, त्याची लिंक यादीत घाला, पण निबंधांत मोजू नका.

आकडा कसा काढायचा, कसा लिहायचा

एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो आकडा घ्यायचा. समजा आठ निबंध आहेत: ४१, २२, १५, ९, ६, ५, २, ०. पाचव्याला ६ आहेत, म्हणजे चाललं. सहाव्याला ५, म्हणजे नाही. एच-इंडेक्स ५. आय१०-इंडेक्स म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशनचे निबंध, इथे ३. एकूण १००. पहिल्या निबंधाला ४१च्या जागी ४०० असती तरी एच-इंडेक्स ५च राहिला असता, हे ध्यानात असू द्या.

स्कॉलरचा आकडा जवळपास नेहमीच स्कोपसपेक्षा मोठा येतो. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन ठेवलेले निबंध), पुस्तकातली प्रकरणं, परिषदेच्या स्मरणिका सगळं मोजतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडलेली जर्नलं, पुस्तकं आणि परिषदांची इतिवृत्तं यांच्यापुरतेच मोजतात, आणि जर्नलचं सहसा ते घेतलं त्या वर्षापासून पुढचंच. आपल्या विषयातली बरीच भारतीय जर्नलं उशिरा घेतली गेली, काही मध्येच थांबली. त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. लिहिताना वाक्य असं हवं: 'एच-इंडेक्स ५, गूगल स्कॉलर, अमुक तारखेस.' नुसतं 'एच-इंडेक्स ५' लिहिलेला अर्ज काळजीपूर्वक वाचणाऱ्याला अपुरा वाटतो.

स्कोपसमध्ये स्वतःच्या सायटेशन वगळून आकडा पाहण्याची सोय आहे. तो स्वतःहून द्या. आधीच्या कामाचा आधार घेणं योग्यच आहे, लपवण्याजोगं त्यात काही नाही.

सायटेशन हरवतातही. उद्धृत करणाऱ्याने वर्ष किंवा पान चुकवलं की जोडणी होत नाही. वेब ऑफ सायन्सच्या 'साइटेड रेफरन्स सर्च'मध्ये आडनाव आणि जर्नल टाकून पाहा, चुकलेली रूपं तिथे वेगळ्या ओळींत दिसतात. दुरुस्तीसाठी लिहिताना दोन्ही निबंधांचे डीओआय आणि संदर्भसूचीच्या पानाचं चित्र जोडा.

या विषयातल्या खास गोष्टी

मनोविकारशास्त्रात सायटेशन हळूहळू येतात आणि दीर्घकाळ येत राहतात. हॅमिल्टनची डिप्रेशनची मोजपट्टी १९६०ची, बेकची १९६१ची, पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची डिप्रेशनचीच प्रश्नावली २००१ची. तिन्ही आजही रोज उद्धृत होतात. त्यामानाने जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांवरच काढतात. मोजपट्टीच्या मराठी किंवा गुजराती रूपाची विश्वसनीयता तपासणारा निबंध पहिली दोन वर्षं कोरडी घालवील आणि पुढची पंधरा वर्षं दरवर्षी तीन-चार सायटेशन आणील. असं काम करणाऱ्यांनी पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यावरून खचू नये. आपल्या भागाला त्याची फार गरज आहे. मात्र अनुवादाआधी मूळ हक्कदाराची लेखी परवानगी घ्या आणि ती त्याच फोल्डरमध्ये ठेवा. एमएमएसई या स्मृती-आकलनाच्या चाचणीसारख्या काही चाचण्या कॉपीराइटखाली आहेत.

निबंधाचा प्रकार प्रामाणिकपणे लिहा: मूळ संशोधन, आढावा, केस सिरीज, एकट्या रुग्णाची केस रिपोर्ट, संपादकाला पत्र. आपल्याकडे पत्रं आणि केस रिपोर्ट भरपूर निघतात आणि ती मूळ संशोधनाच्या रकान्यात सरकवायचा मोह होतो. पदभरतीत नेमकी हीच छाननी होते. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीच्या वार्षिक परिषदेचे गोषवारे इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रीच्या पुरवणीत छापले जातात, आणि स्कॉलर ते निबंध म्हणून उचलतो. त्यांना 'परिषद गोषवारा' असं वेगळं शीर्षक द्या.

शेकडो लेखक असलेल्या जागतिक रोगभार अभ्यासासारख्या निबंधात तुमचं नाव असेल, तर त्याची हजारो सायटेशन एकूण बेरजेत वेगळी दाखवा: 'समूह-निबंध सोडून इतकी, धरून इतकी.'

गुप्ततेचा मुद्दा आकड्यांपेक्षा मोठा आहे. केस रिपोर्टवर तुमचा विभाग आणि शहर छापलेलं असतं. त्यात रुग्णाचं नेमकं वय, व्यवसाय, पोट-जात, राहतो तो भाग मांडवी की कारेलीबाग हेही आलं, तर बडोद्यासारख्या शहरात माणूस ओळखू येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं. संमतीपत्र फाइलला असलं तरी प्रोफाइलवर पीडीएफ चढवण्यापूर्वी ती एकदा रुग्णाच्या नातलगाच्या नजरेने वाचा. जे छापून गेलं ते परत घेता येत नाही.

अर्जाआधीची पडताळणी

वैद्यकीय अध्यापकांच्या २०२२च्या नियमावलीत सहयोगी प्राध्यापकपदासाठी दोन निबंध मागितले होते, मेडलाइन (पबमेडमधला निवडक जर्नलांचा भाग), पबमेड सेंट्रल (पूर्ण मजकुराचा मोफत संग्रह), स्कोपस, डीओएजे (खुल्या जर्नलांची सूची) अशा ठरावीक ठिकाणी इंडेक्स झालेले, आणि अर्जदार पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहाराचा लेखक असलेला. एकट्या रुग्णाची केस रिपोर्ट त्यात बसत नव्हती. २०२५मध्ये नवी नियमावली निघाली, तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेलं राजपत्र स्वतः वाचा. ज्येष्ठांनी सांगितलेला नियम कधीकधी त्यांच्या वेळचा असतो. विद्यापीठाच्या बाजूला यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५मध्ये बंद झाली, जर्नल पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि तुमच्यावर आहे.

पबमेडमध्ये दिसणं आणि मेडलाइनमध्ये असणं एक नव्हे. पबमेड सेंट्रलमध्ये मजकूर ठेवणाऱ्या जर्नलांचे निबंधही पबमेडमध्ये दिसतात. खात्री करायची तर पबमेड चालवणाऱ्या अमेरिकी ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नल शोधा आणि 'करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन' लिहिलेलं आहे का पाहा. स्कोपससाठी त्यांची स्रोत-यादी, डीओएजेसाठी त्यांचंच संकेतस्थळ. जर्नलच्या पहिल्या पानावर लावलेल्या चिन्हांवर विसंबू नका. नाव आणि आयएसएसएन चोरून काढलेली नकली जर्नलं आहेत, म्हणून आयएसएसएन मूळ पोर्टलवर टाकून प्रकाशकाचं नाव आणि संकेतस्थळ जुळतं का ते पाहा.

यादीतला एखादा निबंध मागे घेतला गेला असेल तर तो काढून टाकू नका. ओळ तशीच ठेवा, पुढे 'मागे घेतला' आणि सूचनेचा डीओआय लिहा, मोजणीतून वगळा. शुद्धिपत्र निघालं असेल तर त्याचाही डीओआय त्याच ओळीत.

वर्षातून दोन दिवस या कामासाठी राखून ठेवा, जानेवारीत एक आणि जुलैत एक. त्या दिवशी तिन्ही आकडे एकाच बैठकीत घ्या, तारीख घाला, नव्या पीडीएफ फोल्डरमध्ये टाका आणि फाइलची एक प्रत संस्थेच्या संगणकाबाहेर ठेवा.